बिब्ब्याची खूण

"आबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण काहीतरी म्हणा!"

शेवंता तिसऱ्यांदा हेच बोलली.

गेनूआबा हौदाच्या काठावर बसून चादर पिळत होते. त्यांनी शेवटचा पीळ दिला, चादर झटकली, दोरीवर टाकली. मग म्हणाले, "काय विचारलंस?"

हसावं की रडावं, तिला कळेना.

वाईत घाटामागच्या बोळात आबांचा धुण्याचा हौद होता. नवरा गेल्यावर शेवंता याच हौदावर काम शिकली. भट्टी कशी लावायची, खळ किती घालायची, रेशमाला कुठलं ऊन सोसतं, सगळं आबांनी शिकवलं. पुढं तिनं पेठेत इस्त्रीचं दुकान टाकलं. धुणं आबांकडं, इस्त्री तिच्याकडं. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

पण घरोघरी मशीन आली आणि हौदावरचे गठ्ठे कमी झाले. अशात मुलींच्या एका वसतिगृहाचं काम चालून आलं होतं. एकशेवीस मुली, सगळ्यांचे गणवेश एकसारखे. तिथल्या मॅडमची अट एकच : प्रत्येक कपड्याची नोंद फोनवर हवी. कुणाचा, कधी आला, कधी परत गेला.

उत्तर आज दुपारी द्यायचं होतं. आबा नको म्हणाले, तर धुणं दुसऱ्या कुणाकडं न्यावं लागणार होतं. मग हा हौद कोरडा पडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी तीन दिवस फोनवरची नोंद शिकून आलेय, आबा," शेवंता म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडा तोराही होता. "बचत गटातल्या बाकीच्या बायका फोन उलटा धरत होत्या. मला पहिल्याच दिवशी जमलं. आता बिब्बा नको, सुई नको, बोटं जाळून घेणं नको."

तिनं पिशवीतून लेबलांची गुंडाळी काढली. पांढऱ्या कापडाचे बोटभर तुकडे, त्यांवर फोननं वाचायचा काळ्या ठिपक्यांचा चौकोन.

आबांनी एक तुकडा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"ठिपकेच आहेत की," ते म्हणाले.

"साधे ठिपके नाहीत ते!"

"आमचेही साधे नव्हते."

ते खरं होतं. आबा बिब्ब्याच्या तेलात सुई बुडवून कापडाच्या कोपऱ्यात ठिपके उठवायचे. तीन ठिपके आणि एक रेघ म्हणजे देशपांडे वकील. पाच ठिपके म्हणजे घाटावरचे भटजी. वर चुना लावला की खूण पक्की. कापड फाटेल, पण खूण जायची नाही. बिब्बा उतून उतून आबांच्या बोटांची कातडी काळी पडली होती.

"माझा मामा खुणाच करत नव्हता," आबा म्हणाले. "साऱ्या गावाचं धुणं त्याच्या हातात. कापडावरून बोट फिरवायचा आणि घर सांगायचा. मी त्याच्याकडं शिकायला आलो, तेव्हा मला काही जमेना. एकदा सुतकातलं लुगडं मी लग्नघरी देऊन आलो."

"अगंबाई! मग?"

"मग काय... मामाला मांडवात उभं करून बोलले लोक. दुसऱ्या दिवशी मी बिब्बा आणला. त्याला न विचारता दहा घरांच्या कपड्यांवर खुणा केल्या."

"मामा चिडला असेल."

"तो चिडेल असंच सगळ्यांना वाटलं. त्यानं सगळ्या खुणा बोटांनी चाचपल्या. मग एकच वाक्य बोलला."

"काय बोलला?"

आबांनी अंगातली बंडी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"लाव."

"काय?"

"तुझा चौकोन. हिला लाव."

शेवंतानं भट्टीतले निखारे आबांच्या जुन्या इस्त्रीत भरले. बंडीच्या आतल्या बाजूला लेबल ठेवून इस्त्री दाबून धरली. लेबल बसलं. तिनं फोनमध्ये नाव टाकलं, गेनू आबा.

आबांनी बंडी भट्टीच्या उकळत्या सोड्यात सोडली.

"आबा! अहो, एवढं कशाला..."

"वसतिगृहाच्या पोरी शाईत लोळतात. त्यांचे कपडे काय फुंकर मारून धुवायचे?"

घटकाभरानं काठीनं बंडी बाहेर काढली. मग दगडावर आपटली. एकदा, दोनदा, सात-आठदा. वयाच्या मानानं जरा जास्तच जोरात. शेवंता डोळे मिटून उभी होती. लेबल निघालं तर दुपारी मॅडमना काय सांगायचं?

"बघ आता."

तिनं ओल्या बंडीवर फोन धरला. एक क्षण गेला... दुसरा गेला...

फोन टिंग वाजला. पडद्यावर नाव उमटलं.

"टिकलं!" शेवंता लहान मुलीसारखी ओरडली. "बघा, आबा! तुमचं नाव!"

"माझं नाव मला पाठ आहे. घर कुठाय?"

"अं?"

"खूण माणसाची नसते, शेवंते, घराची असते. कपडा परत कुठं द्यायचा, त्यासाठी ती करायची. तुझ्या फोनमध्ये घराला जागा आहे का नाही?"

जागा होती. नावाखालीच एक रिकामी ओळ होती. शेवंताचं बोट तिथं अडलं. आबांची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. हौदामागच्या खोलीत चूल होती, पण तिला घर म्हणावं असं तिथं काही उरलं नव्हतं.

आबा दोरीवरच्या कपड्यांकडं बघत होते.

"मागच्या श्रावणापासून माझ्या हातून किती गठ्ठे चुकले गं?"

शेवंता दचकली.

"नाही... कुठं चुकले?"

"जोश्यांचं पातळ पाटलांच्या गठ्ठ्यात बांधलं होतं मी. डॉक्टरांचे शर्ट तर दोनदा. खूण दिसते, पण घर आठवत नाही. रस्त्यात कधीतरी आठवायचं, पण तोवर गठ्ठा तुझ्या दुकानात गेलेला असायचा. आता लोक भांडायला येतील म्हणून मी दारात बसून राहायचो." ते हसले. "कुणीच आलं नाही. एवढा चांगला परीट नाही मी."

शेवंताची मान खाली गेली. रोज इस्त्रीच्या आधी ती प्रत्येक गठ्ठा सोडायची. कपडे ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यात घालायची आणि इस्त्रीनंतर पुन्हा आबांच्याच पद्धतीची गाठ मारायची. आबांना कळू दिलं नाही, याचा मनातून तिला अभिमानही होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुकानातून निघालेले गठ्ठे दिसतात मला. गाठ तू डावीकडून मारतेस."

शेवंतानं मान वर केली.

"मग बोलला का नाहीत, आबा?"

"तू बोललीस का?"

तिनं डोळे पुसले, तर बोटांना लागलेला सोडा डोळ्यांत गेला आणि आणखीच पाणी आलं. आबांनी खांद्यावरचा पंचा तिच्या हातात दिला. मग आत जाऊन पत्र्याची डबी आणली. तीत सुई होती, चुन्याची पुडी होती आणि चार वाळके बिब्बे होते. ती डबी त्यांनी लेबलांच्या गुंडाळीशेजारी, तिच्या पिशवीत ठेवली.

शेवंता पायांकडं वाकली. त्यांनी तिला मधेच धरलं.

"ओल्यात बसशील. ती ओळ भर आधी."

तिनं ओळ भरली. दोनदा अक्षर चुकलं. मग बंडी हातात घेऊन तिच्यावर फोन धरला.

टिंग.

"वाच," आबा म्हणाले. "मला इतकं बारीक दिसत नाही."

"गेनू आबा," शेवंता वाचू लागली. "परत द्यायचं घर... शेवंताचं. पेठ, वाई."

आबांनी ओली बंडी तिच्या हातून घेतली. आतल्या चौकोनावर आपलं काळं बोट फिरवलं, सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"आबा," तिनं विचारलं, "मामा काय बोलले होते?"

आबांनी बंडी तशीच ओली अंगात घातली.

"आता मी विसरलो तरी हरकत नाही."