इंग्रजीच्या बाईंच्या हजार वाती

एका नदीकाठच्या गावात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. बाई हुशार होत्या, मायाळू होत्या, पण धीर म्हणून त्यांना नव्हता. चुलीवर भात ठेवला की चारदा झाकण काढून बघायच्या, आणि भात कच्चा राहिला की चुलीवरच चिडायच्या. नावेची वाट बघताना काठावर उभं राहवायचं नाही, म्हणून गुडघाभर पाण्यात उतरून उभ्या राहायच्या. नाव तिच्या वेळेलाच यायची. बाईंचं लुगडं तेवढं भिजायचं.

या गावात इंग्रजीची शाळा आली कशी, तेही सांगायला हवं. तिथल्या राजाला दूरदूरच्या साहेबांची पत्रं यायची. पत्रं इंग्रजीत, आणि दरबारात ती वाचणारं कुणी नाही. राजा पत्र उलटसुलट करून बघायचा, गंभीरपणे मान डोलवायचा आणि उशीखाली ठेवून द्यायचा. उशी इतकी उंच झाली की मान अवघडायला लागली, तेव्हा त्याने हुकूम काढला, की मुलांना लहानपणापासून इंग्रजी शिकवा. नदीच्या दोन्ही काठांवर गावं होती, पण शाळा एकच मिळणार होती. ती अलीकडच्या गावाला मिळाली. पलीकडचं गाव तेव्हापासून तिच्यावर डोळा ठेवून होतं.

शाळेत अठरा मुलं होती, त्यांत सात मुली. बाई मन लावून शिकवायच्या. अक्षरं शिकवली, अक्षरांचे आवाज शिकवले, छोटे छोटे धडे सुरू केले. इथपर्यंत सगळं छान होतं. पण मूल वाचता वाचता एखाद्या शब्दापाशी अडलं, की वर्ग शांत व्हायचा. ती शांतता बाईंना सोसायचीच नाही. मुलाने तोंड उघडायच्या आत बाई तो शब्द सांगून टाकायच्या. अर्थही सांगून टाकायच्या. वर त्या मुलाला 'शाब्बास' म्हणायच्या.

पुढे पुढे तर मोठ्याने सांगायचीही गरज उरली नाही. मूल अडलं की बाईंचे ओठ आपोआप त्या शब्दाचा आकार घ्यायचे, आणि मूल बाईंकडे बघून धडाधड वाचायचं. बाईंना स्वतःला याचा पत्ताच नव्हता. वर्गाचा आवाज थेट नदीपर्यंत जायचा. पाटील पारावर बसून खूश व्हायचे. "काय वाचतात पोरं!" ते म्हणायचे. "कळत नाही काडीचं, पण ऐकायला कसं बरं वाटतं."

एक तुळसाच काय ती मागे पडायची. तुळसा ही कासाराची मुलगी. घाईने चढवलेली बांगडी फुटते, हे बापाच्या शेजारी बसून बघत ती मोठी झाली होती. शब्दावर बोट ठेवायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. "अगं म्हण ना, म्हण ना!" असं करत बाई स्वतःच तो शब्द म्हणून मोकळ्या व्हायच्या. शाब्बासकी मिळाली की तुळसा खाली मान घालायची. ही शाब्बासकी नक्की कुणाची, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

गौरी-गणपती आटोपले आणि शाळा तपासायला साहेब आले. राजाने नेमलेल्या या साहेबांना सगळे दिपोटी म्हणायचे. दिपोटींनी धडा काढायला लावला. मुलांनी असा काही धडाका लावला की पाटलांची छाती फुगली. दिपोटी मात्र पुस्तकाकडे बघतच नव्हते, ते मुलांच्या डोळ्यांकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, घसा कोरडा पडलाय. आडाचं ताजं पाणी आणता का तांब्याभर?"

बाई लगबगीने आडावर गेल्या. पोहरा आत सोडला आणि त्यांच्या लक्षात आलं, की वर्गातून आवाज येत नाहीये. अर्धा पोहरा तसाच ओढून तांब्यात ओतला आणि बाई धावत परतल्या. बघतात तर अठरा बोटं एकाच शब्दावर अडलेली, आणि अठरा तोंडं दाराकडे वळलेली. बाई दिसल्या मात्र, सगळ्यांचे चेहरे खुलले. बाईंचे ओठ हलले आणि वर्ग पुन्हा धडाधड वाचू लागला.

दिपोटींनी पाण्याला तोंडही लावलं नाही. "बाई, ही मुलं पुस्तक वाचत नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचं तोंड वाचतात."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्रिपुरी पौर्णिमा झाली की मी परत येईन," दिपोटी म्हणाले. "येताना कुणी न पाहिलेलं पुस्तक आणीन. एका जरी मुलाने त्यातलं पान आपलं आपण वाचलं, तर शाळा इथेच राहील. नाहीतर पलीकडे जाईल."

पलीकडे म्हणजे काय, हे बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. मुलगे कसेबसे नावेतून गेले असते. मुलींना मात्र रोज नदी ओलांडायला कुणी पाठवणार नव्हतं. सातही जणी घरी बसल्या असत्या, आणि तेही बाईंच्यामुळे.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी स्वतःच्या तोंडाशी वैर धरलं. आधी दातांत लवंग धरली. ओठ मिटले तसे मुलांनी भुवयांकडे बघायला सुरुवात केली. भुवई वर गेली की शब्द चुकला, खाली आली की बरोबर. चार दिवसांत पोरं भुवयांवरून धडा वाचायला लागली! मग बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पण कुणी अडलं की पायच गर्रकन वळायचे, आणि वळता वळता शब्द तोंडातून निसटायचा. बाईंना स्वतःचा असा राग आला की शाळा सुटल्यावर त्या दाराआड उभ्या राहून रडल्या.

अशात एके दिवशी देवळातली गुरवीण कापसाचं गाठोडं घेऊन शाळेत आली. त्रिपुरी पौर्णिमेला गावच्या देवळात लाख वाती जाळायची रीत होती, आणि त्या वळायला घराघरात वाटून दिल्या जायच्या. गुरवीण म्हणाली, "बाई, ह्या तुमच्या वाटच्या हजार वाती. पुनवेच्या आत झाल्या पाहिजेत बरं का. दर वर्षी तुमच्याच राहतात."

"अहो, माझा इथे जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही वाती कसल्या देताय!" बाई वैतागल्या.

"मग तर घ्याच. वात वळताना खाली बघावं लागतं, नाहीतर ती सुटते. तेवढंच डोकं थाऱ्यावर येईल."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाई कापूस मांडीवर घेऊन वर्गातच बसल्या आणि मान खाली घालून वळू लागल्या. तुळसा वाचत होती, ती एका शब्दापाशी अडली. बाईंच्या जिभेला खाज सुटली, पण हातातली वात अर्धी होती. म्हटलं, एवढी होऊ दे, मग सांगू. ती झाली, दुसरी झाली. तिसरी बोटांतून सुटली, ती पुन्हा वळली. पाचव्या वातीला तुळसाच्या तोंडून आवाज आला. "बा... बास... बास्केट." मग जरा थांबून ती स्वतःशीच म्हणाली, "टोपली! यात आंबे ठेवलेत ना!"

बाईंनी चमकून वर बघितलं. तो शब्द आणि त्याचा अर्थ बाईंनी निदान वीसदा सांगितला होता, आणि वीसही वेळा तो वाऱ्यावर गेला होता. आज तो तुळसाने आपला आपण शोधला होता. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून बाईंना भरून आलं, आणि लाजही वाटली. इतके दिवस हा आनंद आपण पोरांच्या हातातून हिसकावून घेत होतो, असं त्यांना वाटलं.

तेव्हापासून वर्गात नियम झाला. कुणी अडलं तर बाईंच्या निदान सात वाती होईपर्यंत वाट बघायची. मूल तोवरही अडलंच, तर बाई शब्द सांगायच्या नाहीत, नुसतं विचारायच्या, "पहिल्या अक्षराचा आवाज काय? चित्रात काय दिसतंय? पुढच्या वाक्यात काय झालं?" आणि पुन्हा खाली मान.

हे लिहायला सोपं आहे हो. बाईंचा जीव मात्र रोज खालीवर व्हायचा. पहिला आठवडाभर बाई गप्प आणि पोरंही गप्प. अर्धा धडासुद्धा होईना. गावात कुजबुज सुरू झाली. पाटील तणतणत आले. "बाई, शाळेतून आवाज येत नाही आताशा. लोक म्हणतात, बाई शाळेत बसून वाती वळतात. शाळा घालवायचा विचार आहे का?"

"पाटील, पोरं वाचताहेत," बाई म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःचाही पुरता विश्वास नव्हता. पौर्णिमा जवळ येत होती आणि कुणाला सात वातींच्या जागी पाच लागत होत्या, कुणाला चार. तुळसाला अजूनही कधी कधी सहा लागायच्या.

पौर्णिमा झाली. लाख वाती जळून गेल्या, कापूस संपला, आणि तिसऱ्या दिवशी दिपोटी नावेतून उतरले.

शाळेच्या ओसरीवर सगळं गाव जमलं होतं. दिपोटींनी पिशवीतून नवंकोरं पुस्तक काढलं आणि वर्गावर नजर फिरवली. बाकीची मुलं पुस्तकाच्या रंगीत पुठ्ठ्याकडे बघत होती. तुळसा मान तिरकी करून त्यावरची अक्षरं लावायचा प्रयत्न करत होती. दिपोटींनी तिलाच बोलावलं.

पाटील घाईघाईने पुढे आले. "साहेब, ही जरा मंद आहे. आमचा नातू वाचेल की."

"हीच वाचेल," दिपोटी म्हणाले आणि कागद काढून काहीतरी लिहीत बसले. बाईंना त्यांनी तुळसाच्या अगदी समोर बसवलं होतं.

तुळसा वाचू लागली. "द गोट... इज ऑन... द रूफ." बकरी छपरावर चढली होती आणि छपराचं गवत खात होती. "द ओल्ड मॅन... ब्रिंग्ज अ..." तुळसा थांबली.

बाईंनी समोरून, उलट्या अक्षरांतही तो शब्द ओळखला. सोपा होता. हात मोकळे होते, वळायला काही नव्हतं. ओसरीवर कुणीतरी सुस्कारा टाकला, पाटील खाकरले. दिपोटींची मान कागदात होती. तुळसाने पुस्तकातून डोळे वर केले आणि बाईंकडे बघितलं.

ओठ नुसते हलवायचे होते, कुणालाही कळलं नसतं. शाळा राहिली असती, सातही मुली राहिल्या असत्या. बाई पुढे झुकल्या. ओठ उघडलेसुद्धा. पण आता सांगितलं तर शाळा राहील आणि वाचणारं त्यात कुणीच नसेल, हे बाईंना आतून कळलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. भुवयांचा भरवसा नव्हता, म्हणून पदराने तोंड झाकून घेतलं.

तुळसाने क्षणभर त्या पदराकडे बघितलं आणि पुन्हा पुस्तकात डोळे घातले.

किती वेळ गेला, कोण जाणे. बाईंना वाटलं, नदी आटली असेल एव्हाना. मग आवाज आला. "लॅ... लॅड... लॅडर." आणि तुळसा पुढे निघाली. अडखळत, पण आपल्या पायांनी.

दिपोटींनी मान वर केली. "लॅडर म्हणजे काय गं?"

तुळसाने विचार केला. "शिडी, साहेब."

"बाईंनी सांगितलं होतं?"

"नाही. म्हातारा काहीतरी आणतो, भिंतीला लावतो आणि वर चढतो. मग शिडीच असणार ना? दुसरं काय लावून चढेल तो?"

ओसरीवर हसू फुटलं. पाटलांना इंग्रजी कळत नव्हतं, पण शिडी कळली, आणि तेच सगळ्यांत मोठ्याने हसले. बाईंनी तोंडावरचा पदर काढला, तो डोळ्यांना लावला.

दिपोटी उठले. "शाळा इथेच राहील," ते म्हणाले, "राजेसाहेबांना मी आजच तसं लिहितो." त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि पुस्तक घ्यायला हात पुढे केला. "पुरे आता, बाळ. आण ते इकडे."

तुळसाने पुस्तक छातीशी धरलं. आपण कुणाशी बोलतोय, हेही ती विसरली होती.

"थांबा ना!" ती म्हणाली. "बकरी अजून छपरावरच आहे!"

आणि तिने पान उलटलं. दिपोटींनी पिशवी खाली ठेवली आणि बाईंच्या शेजारी मुकाट्याने मांडी घालून बसले.

तात्पर्य: मूल अडलं की उत्तर सांगून टाकायची आपली घाई आपणच आवरावी. त्याला ते सापडेपर्यंत वाट बघणं, हाही शिकवण्याचाच भाग आहे.