व्हरांड्यातला वर्ग

सातपुड्याच्या हिरव्यागार कुशीत एक टुमदार गाव होतं आणि त्या गावात पिवळ्याधमक भिंतींची, निळ्या खिडक्यांची एक शाळा होती. पण डोंगरावरच्या पाड्यांतून चालत येणारी पावरा आदिवासी मुलं त्या खिडक्यांच्या आत कधीच बसत नसत. त्यांचा वर्ग बाहेर व्हरांड्यात, तापलेल्या पत्र्याखाली. पावरी बोली चुकून तोंडातून निसटली, की उभं राहायची शिक्षा. इवलीशी दितली इतक्यांदा उभी राहिली, की शेवटी तिनं बोलणंच सोडून दिलं.

या मुलांना शिकवायची रुमली. तीही पावराच. लहानपणी याच व्हरांड्यात बसलेली, आता इथंच नवी बाई झालेली. मुलांना आत बसू द्या, असं सांगायला ती मुख्याध्यापिका कुमुदबाईंकडे गेली. कुमुदबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिला चहा पाजला आणि हा नियम आपण केलेला नाही, पूर्वीपासूनच आहे, असं सांगितलं. कुणी केला, का केला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

डोळे पुसत रुमली शाळेमागच्या बागेत आली. तिथं जास्वंदीच्या पानावर, चतुरासारखे झिरझिरीत पंख मिटून एक इटुकली परी तहानेनं मलूल पडली होती. रुमलीनं बाटलीतलं उरलंसुरलं पाणी थेंबथेंब तिच्या ओठांवर सोडलं. तशी परी मोरपंखी रंगात लखलखली.

"एक इच्छा माग," ती म्हणाली. "पण स्वतःसाठी मागायचं नाही. आणि कुणाची मान खाली जाईल, असंही मागायचं नाही."

रुमलीच्या मनात आलं होतं, कुमुदबाईंनाच दिवसभर पत्र्याखाली उभं करावं. तो विचार तिनं गिळून टाकला.

"हे नियम कुणी केले?" तिनं विचारलं.

"मीच," परी हसली. "रागानं मागितलेली इच्छा मागणाऱ्यालाच पोळते. पाहिलंय मी."

कारण सांगता येतं असा नियम रुमलीला आवडला. ती म्हणाली, "उद्या दिवसभर माझी मुलं जे बोलतील, ते शाळेत सगळ्यांना कळू दे."

दुसऱ्या दिवशी तिनं मुलांना हव्या त्या बोलीत बोलू दिलं. काय सांगू, अख्खा व्हरांडा किलबिलला. कुणी पाढे म्हटले, कुणी अस्वलाची फजिती सांगितली. आतली मुलं खिडक्यांत गोळा होऊन खदखदून हसली. गलका ऐकून कुमुदबाई बाहेर आल्या. तेवढ्यात दितलीनं रुमलीचा पदर धरला आणि कितीतरी दिवसांनी ती हळूच पावरीत बोलली.

"बाई, आत बसायला आपलं अजून काय शिकायचं राहिलंय?"

कुमुदबाईंना शब्दन्‌शब्द कळला. मग त्यांनी पदर खोचला, दितलीचं चिमुकलं दप्तर स्वतः उचललं आणि आत पहिल्या बाकावर नेऊन ठेवलं. पाठोपाठ सगळीच मुलं आत आली. बाकांवरची मुलं सरकून बसली. उभं राहायची शिक्षाही त्याच दिवशी बंद झाली.

पुढच्या सकाळी जादू सरली. दितली भराभर काहीतरी सांगू लागली आणि कुमुदबाईंना एक अक्षर कळेना.

पण कुमुदबाई दितलीसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. "रुमलीबाई, तिला म्हणावं, पुन्हा सांग, सावकाश. आणि आजपासून मला तुमची बोली शिकवा."

खिडकीत बसलेली परी ते ऐकून उजळली, आणखी उजळली, इतकी की नुसता सोनेरी-जांभळा झगमगाट उरला. मुलांनी डोळे चोळून पाहिलं, तर खिडकी रिकामी होती आणि वर्ग गच्च भरलेला.