झिरपणारा रांजण

“मग पैसे देतं कोण?”

शहामतबाबांनी हे विचारले, ते साल दोन हजार तेवीस होते; महिना मे, आणि वैशाख सरत आलेला. बाबांच्या तकियापुढल्या, म्हणजे फकिराच्या मठीपुढल्या, कडुलिंबाखाली दुपार अशी पसरली होती, की समोरचा रस्ता पाण्यावर तरंगत असल्याचा भास व्हावा.

प्रश्न सुमंत मुखेडकराला होता. मोबाइलवरून पैसे पोचविणाऱ्या एका कंपनीत तो आता मोठ्या हुद्द्यावर होता; आरंभी गावचा बाजार त्यानेच पालोपाल फिरून जोडला होता. त्या उन्हाळ्यात गावी राहून घरूनच काम करी, आणि दर गुरुवारी फकिराच्या पायाशी येऊन बसे. बसे खरा; पण शिकायला कमी, सांगायला अधिक.

“कोणीच नाही, बाबा,” तो हसून म्हणाला. “घेणारा देत नाही, विकणारा देत नाही. एका टिचकीत पैसे इकडून तिकडे. फुकट!”

“वा!... आणि ते वाहून कोण नेतं?”

“यंत्रं.”

“यंत्रं काय खातात?”

सुमंत जरा घुटमळला. “म्हणजे... खर्च होतो. थोडा बँका सोसतात, थोडा सरकार देतं, थोडा आमची कंपनी.”

“मग तुझी झोप का उडाली?”

झोपेविषयी तर तो अवाक्षर बोलला नव्हता. त्याने मान खाली घातली.

इतक्यात कोथिंबिरीची पाटी उतरवून कोंडाबाई पाणी प्यायला आली. गुरुवारच्या बाजारात तिची जागा ठरलेली. तांब्या वरच्या वर तोंडात रिकामा करून तिने सुमंतकडे पाहिले.

“काय रे दादा, तूच ना तो चौकड्यांचा कागद चिकटवणारा? पैसे आले की बोलणारा तो डबा माझा लई गुणी आहे हो. मालक मेला कधी एवढं बोलला नाही!” ती खळखळून हसली, मग एकाएकी थांबली. “पण आता आमच्याकडून पैसे कापणार म्हणतात. खरं का?... तू तर पोराची शपथ घेऊन सांगितलं होतंस, एक पैसा जायचा नाही म्हणून.”

 कोंडाबाईने पदराने तोंड पुसले आणि ती पाटी उचलून गेली.

“खरं आहे का?” बाबांनी विचारले.

“कंपनीचा तसा विचार आहे. ज्येष्ठातल्या पहिल्या गुरुवारी बैठक आहे. विकणाऱ्यांकडून पैसे घ्यावेत, असं मत मी लेखी द्यायचं. दिलं, तर बढती माझी. नाही दिलं...” त्याने बाजाराकडे पाहिले. “तिथल्या प्रत्येक पालवाल्याला मी शब्द दिला आहे, बाबा. मी काय करू?”

 बाबांची नजर पाण्याच्या रांजणावर होती. मातीचे ते थोरले भांडे अंगभर पाझरत होते. खाली ओल धरली होती, ओलीत दूर्वा उगवल्या होत्या, आणि दूर्वांत एक चिमणी डोळे मिटून बसली होती.

सुमंतनेही तिकडे पाहिले. त्याच्या हिशेबी डोळ्यांना दुसरेच दिसले.

“बाबा, हा रांजण झिरपतो आहे. कोणी न पिताच पाणी जातं.”

“जातं खरं.”

“केवढी ही नासाडी! मी थांबवू?”

“थांबव.”

त्याने बाजारातून निळा तैलरंग आणला. रांजण रिकामा करून उन्हात वाळविला, आणि शर्टाच्या बाह्या सारून स्वतःच्या हाताने त्याच्यावर दोन थर चढविले. बाबा माळ ओढीत बघत राहिले. आभाळाचा एक तुकडा झाडाखाली आणून ठेवावा, तसा तो रांजण दिसू लागला.

पुढच्या गुरुवारी सुमंत आला तो घाईघाईने. रांजण काठोकाठ भरलेला. खालची जमीन कोरडी ठणठणीत. दूर्वा पिवळ्या पडलेल्या.

“पाहिलंत, बाबा? एक थेंब गेला नाही!”

बाबांनी नुसती मान डोलावली.

कोंडाबाई आली. तांब्या बुडवून तिने घोट घेतला, आणि तो तसाच बाजूला थुंकली.

“अगं बाई! पाणी ठेवलंय की चहाचं आधण?”

तिच्यामागून एक गाडीवान आला. त्यानेही तोंड फिरविले. मग एक चुडीवाला आला, तोही. माणसे तहानलेली येत आणि तहानलेलीच जात. भरलेला रांजण मात्र निळा, देखणा, स्तब्ध उभा होता.

सुमंतने त्याला हात लावून पाहिला. उन्हातल्या दगडासारखा तो तापला होता.

“पाणी तर सगळं आत आहे...” तो स्वतःशीच पुटपुटला.

बाबांनी माळ थांबविली.

“गारव्याचे पैसे देतं कोण, बेटा?”

 वर होला घुमत होता. लिंबाचा मोहोर सुमंतच्या खांद्यांवर पडत होता, तो त्याला झटकावासाही वाटला नाही. मग तो उठला, रांजण रिता केला, विटेचा एक तुकडा घेतला आणि रंग खरवडू लागला. निळी भुकटी त्याच्या हातांवर, मांडीवर, पापण्यांवर बसली. ऊन कलले तेव्हा कोठे रांजणाच्या एका अंगाची माती उघडी पडली.

त्याने पाणी भरले आणि वाट पाहत बसला. त्या उघड्या अंगावर प्रथम एक काळसर ठिपका उमटला. मग ओल संथपणे पसरत गेली.

बाबा तोवर तेथेच डुलकी घेत होते, की जागे होते, हे त्याला कळले नाही.

ज्येष्ठातल्या पहिल्या गुरुवारी प्रकरणाचा निकाल लागला. सुमंत तकियावर पोचला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. कोंडाबाई तांब्या रिकामा करून आणखी एक भरून घेत होती.

“काय ठरलं रे?” तिने धास्तीने विचारले.

“मी लिहून दिलं तेच. लहान विकणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही. खर्च कंपनीनं सोसायचा. वरच्या लोकांना यंदा मिळणारी पगारवाढ त्यात घालायची.” तो किंचित हसला. “माझी सगळ्यांत आधी.”

“आणि तुझी बढती?” बाबांनी विचारले.

“गेली.”

कोंडाबाईने त्याच्याकडे रोखून पाहिले. हातातला भरला तांब्या तिने त्याच्यापुढे धरला.

तो प्यायला. पाणी गार होते. कितीतरी गार होते. त्याला क्षणभर वाटले, हे सारे येथेच, या झाडाखाली, असेच थांबावे.

मग जुनी शंका उठलीच.

“पण बाबा, हे यंदाचं झालं. पुढल्या वर्षी कोण देणार?... आणि त्याच्या पुढे?”

बाबांनी कोपऱ्यातली रिकामी घागर उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“रांजण अर्धा झालाय, बेटा.”