गायरानातला पहिला घास

श्री अलखपुरी महाराज तेव्हा सावरखेड्यात ओढ्याकाठच्या चिंचेखाली राहत असत. त्याच गावात गिरजा नावाची एक विधवा होती. तिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ढवळी गाय आणि गावाचे गायरान, एवढ्यावर तिचा संसार चाले. रोज सकाळी वाटीभर दूध महाराजांपुढे ठेवल्याखेरीज ती पाणीसुद्धा पीत नसे.

त्या वर्षी लोकरीला भाव आला. हैबतराव देशमुखांनी मेंढ्यांचा मोठा कळप आणला आणि साऱ्या गायरानाला बोराटीच्या काट्यांचे कुंपण घातले. शेतांत पिके उभी, गायरान बंद. गरिबांनी गुरे न्यावीत कुठे? ढवळी आटत चालली. तिचे वासरू कोरड्या आचळांना ढुशा देत राही, आणि ते पाहून गिरजाचा जीव तुटे.

ती देशमुखांकडे गेली. “मालक, वासरू लहान आहे. ढवळीपुरती वाट द्या.”

“तुझ्या बुवाला सांग की!” हैबतराव हसले. “रोज फुकटचं दूध ढोसतो, चार काड्या उगवून देईल!”

गिरजा रिकामी वाटी घेऊन महाराजांपाशी आली आणि रडू लागली. तेवढ्यात गावातली तरणी माणसे तावातावाने आली. “महाराज, आज कुंपण पेटवतोच!”

“आतलं गवतही पेटेल, बाळांनो. मग गुरांना राख चारणार का?” महाराज म्हणाले. मग गिरजाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. “माये, उद्या ढवळीला घेऊन कुंपणापाशी उभी राहा. काही मागू नकोस.”

सकाळी गिरजा तिथे गेली आणि पाहतच राहिली. आत गुडघाभर गवत, आणि सारा कळप तोंडे मिटून उभा! मेंढक्या हैबतरावांपुढे रडकुंडीला आला होता. “मालक, कालपासून एकीनंही गवताला तोंड लावलं नाही!” वैद्याने मेंढ्यांची तोंडे उघडून पाहिली, पोटे चाचपली. ना फोड, ना फुगारा. कोकरे मात्र दुधावाचून माना टाकू लागली होती.

आपली थट्टा आठवून हैबतराव धावत चिंचेखाली गेले.

महाराज शांतपणे म्हणाले, “देशमुख, तुमचे आजोबा दसऱ्याला गायरान खुलं करीत. पहिला घास कुणाचा असे?”

हैबतरावांची मान खाली गेली. “ज्याच्या घरी जमीन नाही, त्याच्या गुराचा. आमची जनावरं सगळ्यांत शेवटी.”

“यंदा तुम्ही आधी जेवायला बसलात. मुकी जनावरं बसली नाहीत.”

देशमुख परतले. गडी पुढे झाले, त्यांना थांबवून त्यांनी स्वतःच्या हातांनी बोराटी ओढून काढली. हात रक्ताळले. “गिरजाबाई,” ते म्हणाले, “ढवळीला आत आणा.”

ढवळीने गवताचा घास घेतला. आणि काय सांगावे! साऱ्या मेंढ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. त्या शांत सकाळी गवत तुटल्याचा करकर आवाज तेवढा येत राहिला. गिरजा वासराच्या गळ्यात हात टाकून रडली.

दिवस मावळेपर्यंत कुंपणाचा एक काटाही उरला नाही. हैबतराव महाराजांपुढे आले, तेव्हा महाराजांनी त्यांचे तळवे मांडीवर घेतले आणि आत रुतलेले बोराटीचे काटे बाभळीच्या काट्याने एकेक करून हलकेच काढले.

“फार दुखतंय का रे?”

हैबतरावांनी महाराजांच्या पायांवर डोके टेकले.