पट्टी बांधलेला पाय

भरवसा ठेवायचा तरी कुणावर, तुम्हीच सांगा. दुखतंय म्हणणाऱ्यावर, की अजिबात दुखत नाही म्हणणाऱ्यावर?

उत्तराची घाई नको. बैलबाजारात एक म्हणणं आहे: जो विकणारा आपल्या जनावराची एकही खोड सांगत नाही, त्याच्या बैलाचे दात दोनदा बघावेत. सुबराव भोईटे हे जाणून होता. पेंड-भुशाचं दुकान चालवणारा माणूस तो. पोत्यावर नुसती थाप मारून आत पेंड किती आणि फोलपट किती, ते सांगायचा. जगाचा माल पारखून घ्यायचा.

पण गोष्ट स्वतःच्या घोट्यावर आली, आणि गडी फसला.

"मग पायाची पट्टी दिवसभर बांधून ठेवली तर बिघडलं काय, बुवा?"

धोंडगिरी बुवा चिलीम भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बिघडलं काय, ते तुझ्या पायाला इचार."

"पाय तर खूश हाय की!"

"हं..." बुवा म्हणाले, आणि चिलमीत बोट दाबत राहिले.

आंबेघोल गावच्या भैरोबाच्या देवळापुढं दीपमाळ आहे. चांगली पाच पुरुष उंच. दगडी खांबाच्या अंगातून चारी बाजूंनी दगडाचेच हात बाहेर आलेले. त्रिपुरी पौर्णिमेला त्या एकेका हातावर तेलात भिजवलेली सरकी ठेवून पेटवायची आणि अगदी टोकावर शेंडीचा दिवा लावायचा, ही गावची रीत. शेंडीचा दिवा लावणारानं अनवाणी चढायचं. दोर नाही, शिडी नाही. चढणार कोण, ते देवळामागच्या मठीत राहणारे धोंडगिरी बुवा ठरवायचे. बुवा तरुणपणी पहिलवान होते, आणि पुढं कैक वर्षं दीपमाळेवर तेच चढले. सुबरावाला त्यांनीच शिकवलं होतं. आता कैक वर्षं शेंडी सुबरावाची होती, आणि गावात तो त्याच तोऱ्यात चालायचा.

त्या पावसाळ्यात गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीवरून सुबराव घसरला. उजवा घोटा मुरगळला. सूज उतरली, पण सांधा आखडला तो आखडलाच.

"चढायला काय अडचण न्हाई, बुवा. सरसर चढतोय."

"चढताना गुडघा लागतो, लेका. उतरताना घोटा."

ते खरंच होतं. उतरताना वरच्या हातावरचा पाय टाच न उचलता वाकत गेला पाहिजे, तेव्हा कुठं दुसऱ्या पायाला खालचा हात सापडतो. घोटा वाकला नाही तर टाच उठते. टाच उठली की तोल गेला. आणि तिथं तोल गेला की खाली फरशी.

मग सुबरावानं मोबाइलवर कुणाचं तरी बघून कोल्हापुरातून एक रबरी पट्टी आणली. चार बोटं रुंद, डब्यात गुंडाळून ठेवलेली, लाल, ताणली की लांबणारी. बुवा झिडकारतील म्हणून भीत भीतच त्यांच्यापुढं ठेवली.

बुवांनी पट्टी ताणली. वास घेतला. आणि खदखदून हसले.

"तालमीत आमी सायकलच्या फाटक्या ट्यूबची कापायचो रे ही! तू डब्यातनं आणलीस."

"म्हंजे चालंल?"

"चालंल की. पाय हिकडं कर."

बोटांच्या मुळापासून सुरुवात करून, वेढ्यावर अर्धा वेढा चढवत, बुवांनी घोट्याच्या वरपर्यंत पट्टी आवळली. चांगली करकचून. मग त्याला देवळाच्या पायरीपुढं उभं केलं.

"टाच भुईला. गुडघा म्होरं ने. बोटांच्या पल्याड. टाच उचलायची न्हाई... आता माघारी. परत म्होरं... आता खाली बस. ऊठ."

"कळ येतीया, बुवा."

"येऊ दे थोडी. मी चिलीम भरतोय. चिलीम पेटली की पट्टी सुटली पायजे. त्येच्यावर पळभर बी न्हाई. मुंग्या आल्या, तर चिलमीची बी वाट बघायची न्हाई."

चिलीम पेटली. पट्टी सुटली. पांढरा पडलेला पाय एकदम गरम झाला, रक्त धावलं, आणि काय सांगावं... गंजलेल्या बिजागरीला तेल दिल्यावर दार फिरावं तसा घोटा फिरला.

"आता चाल. आता एका पायावर उभा ऱ्हा. डोळं मिट." बुवांनी चिलमीचा झुरका घेतला. "औषध आता सुरू झालं. मगाचं नुसतं दार उघडलं हुतं."

असं रोज चाललं. दसरा गेला, दिवाळी गेली. घोटा रोज थोडा सैल होत होता, एका पायावरचा तोलही सावरत होता. पण थोडाच.

आणि सुबराव पडला दुकानदार. त्यानं मनाशी विचार केला: चिलीमभर बांधून एवढा गुण, तर दिवसभर बांधून केवढा? शिवाय बांधलेली असली की पाय कसा लोखंडासारखा वाटायचा. दुखणं नाही, डुगडुगणं नाही. सोडली की मात्र पाय लगेच कुरकुर सुरू करायचा... इथं आखडलंय, तिथं भीती वाटतेय. कुरकुरणाऱ्या गड्यापेक्षा गप्प बसणारा गडी बरा, असं कुठल्या मालकाला वाटत नाही?

म्हणून पौर्णिमेच्या दिवशी सुबरावानं सकाळीच पट्टी बांधली, वरून पायजमा सोडला, दुपारभर दुकानात बसला, आणि ऊन कलल्यावर तसाच देवळात आला. पायात वहाण नको, एवढीच तर रीत होती. पट्टी काही वहाण नव्हे.

पण वाकून नमस्कार करताना पायजमा वर सरकला, बुवांना लाल रबर दिसलं, आणि सुबरावानं तो वरचा प्रश्न केला. पाय खूश आहे म्हणाला.

बुवांनी भरलेली चिलीम न पेटवताच खाली ठेवली.

"चल. दीपमाळंकडं."

सुबराव खूश. छाती पुढं काढून चालू लागला.

"खालच्या हातावर चढ. दोनी पायांनी. खांबाला धर. डोळं वर, शेंडीकडं... खाली बघायचं न्हाई."

सुबराव चढला.

"उजवा उचल."

उचलला.

"ठेव."

ठेवला.

"आता डावा उचल. सगळा भार उजव्यावर."

सुबरावानं डावा पाय उचलला. उभा राहिला. जरासुद्धा हलला नाही. शेंडीकडं बघत त्याला हसू आलं. पावसाळ्यापासूनची सगळी भीती कुठल्या कुठं गेली होती.

"पायाखाली काय हाय, सुबराव?"

"दगड."

"नीट सांग."

"दगडच की! भैरोबाचा दगड. ढिम्म हाय बघा."

तेवढ्यात दौलत जांभळे तेलाचा डबा घेऊन आला. खालच्या हातांवरची सरकी पेटवायचं काम दरवर्षी त्याचं. त्यानं बघितलं आणि डबा तसाच धरून उभा राहिला.

"अण्णा..."

बुवांनी डावा हात वर करून त्याला गप्प केलं.

"काय रं दौलत?" सुबराव वरूनच म्हणाला. "जळतंय व्हय? यंदा बी तुझा नंबर न्हाई. बुवा, किती वेळ उभं ऱ्हायचं? म्हणत असाल तर हितनंच शेंडीला जाऊन येतो!"

बुवांची नजर त्याच्या पायावरच होती.

"अण्णा," दौलतचा आवाज चिरकला, "खाली बघा की वो."

सुबरावानं खाली बघितलं.

त्याच्या उजव्या तळव्याखाली, दगडाच्या हातावर, बुवांची चार बोटं होती.

तो कसा खाली उतरला, त्याचं त्याला कळलं नाही. बुवांनी बोटांवर फुंकर घातली. एक नख काळं पडू लागलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

"वरडायचं तरी, बुवा!"

"मी का वरडू? पाय तुझा."

सुबराव मटकन पायरीवर बसला आणि पट्टी सोडू लागला. वेढ्यांचे वळ कातडीत रुतले होते. पाऊल निळसर, गार. त्यानं ते दोन्ही हातांनी चोळलं.

"मुंग्या आल्या?"

"आल्या, बुवा. लई."

"येऊ दे. त्या तुझ्याच हायत."

देवळाच्या वाटेनं माणसं येऊ लागली होती. बायका पणत्यांची ताटं घेऊन, म्हातारे काठ्या टेकत. दौलतनं हळूच विचारलं, "मग... यंदा शेंडीला कोण, बुवा?"

"ज्येचा पाय, त्येला इचार."

दौलतनं सुबरावाकडं बघितलं, आणि मग मुद्दाम दुसरीकडं बघितलं. सुबरावाला कळलं. हो म्हटलं तर हा काही बोलणार नाही. बुवाही बोलणार नाहीत. गावाला तर सुबराव शेंडीवर बघायची सवयच होती. एक नुसतं हो म्हणायचं, आणि पट्टी परत आवळायची... की झालं.

पावलात ऊब आली. बोटं हलू लागली. सुबराव उठला. पट्टी पायरीवर तशीच राहू दिली आणि अनवाणी, सुट्या पायानं दीपमाळ चढू लागला. हळू. खालच्या बायका वर बघू लागल्या. निम्म्यावर जाऊन तो थांबला, खांबाला छाती लावली आणि उतरायला लागला. एक हात. दुसरा हात. तिसऱ्याला डावा पाय खाली सोडताना उजवा घोटा वाकत वाकत गेला आणि एका जागी अडला.

तो तिथं क्षणभर लटकल्यासारखा राहिला. मग पोटाशी दगड घट्ट धरून, घसटत, खाली आला.

"टाच उठली," तो म्हणाला.

"कवा?" दौलत म्हणाला. "मी बघत हुतो की. मला न्हाई दिसली."

"सुतभर उठली. मला कळली."

सुबरावानं घोटा एकदा चोळला.

"शेंडी तू लाव, दौलत. खालचं मी लावतो. आण तो डबा."

दौलतनं डबा दिला. त्याला काय बोलावं सुचेना, म्हणून तो नेहमीचंच बोलला. "दरवर्षी मला म्हणता सांडू नको. आता तुम्ही नका सांडू, अण्णा."

"जा रं. वर निसरडं हाय. तिसऱ्या हाताला शेवाळ हाय डावीकडनं, जपून."

दौलत वर जाऊ लागला. सुबराव खाली उभा राहून त्याच्या घोट्यांकडं बघत राहिला. मग पायरीवरची पट्टी उचलून बुवांजवळ आला.

"ही आता टाकून देऊ?"

"का? तिनं काय केलं? सकाळी ये. बांधू."

सुबराव पट्टी गुंडाळत उभा राहिला. आवाज खाली आला त्याचा.

"लोक इचारतील, बुवा. सुबरावाचा पाय कसा हाय म्हणून. काय सांगू?"

बुवांनी दुखरी बोटं अंगावरच्या भगव्या छाटीच्या पदरात गुंडाळली.

"बांधलेल्या पायाचं बळ सुट्या पायाच्या नावावर मांडू नको, लेका... तेवढा हिशेब खरा ठेव."