निरोपाच्या गाण्याचे तीन नाद

एका राज्यात माणूस गेला की त्याच्या लेकीने निरोपाचे गाणे म्हणायचे. मगच जीव वाटेला लागायचा. त्या राज्याचा राजा धवलसेन वारला आणि त्याची लेक कुमुदिनी सासरहून धावत आली. पण तिच्या ओठांवर गाणे उमटेना. भृंगाक्ष नावाच्या जादूगाराला राजाने एकदा भरदरबारात बेसूर म्हटले होते. त्या रागाने त्याने ते गाणेच चोरून आपल्या गुहेत कोंडले. राजाचा जीव एका राघूत अडकून पडला. ना जिवंत, ना मोकळा.

गाणे सोडवायला आधी तिचे दोघे काका त्या गुहेत गेले. तिथे गाण्यांच्या ओळी कुंभांत कोंडलेल्या होत्या. त्यांनी भारदस्त ओळींचे कुंभ उचलले आणि दोघेही दगड झाले. मग कुमुदिनी निघाली. राघू तिच्या खांद्यावर बसला.

"काका अर्थाला भुलले," तो म्हणाला. "तू नुसती ऐक. कान तुझ्या आईचा आहे. नाक तेवढे माझे बसके घेतलेस."

ती रडता रडता हसली.

गुहेत कुंभच कुंभ होते, आणि प्रत्येकात एक ओळ गुणगुणत होती. भृंगाक्षाने पहिली अट घातली: ज्या ओळीत एकच अक्षर पुन्हा पुन्हा भेटीला येते, ती ओळख. कुमुदिनीने डोळे मिटले. 'मंद मंद मावळते माझे माहेर.' म म्हणताना ओठ पुन्हा पुन्हा मिटत होते.

"हा अनुप्रास," ती म्हणाली. कुंभ उघडला.

दुसरी अट अशी की ओळींचे शेवट एका नादात मिळावेत. शेजारच्या कुंभातले शब्द मोठे होते, पण त्यांचे शेवट एकमेकांकडे पाठ करून बसले होते. तिने दुसराच कुंभ उचलला. 'दिवा विझला, उरली वात. सुटला बाबांचा हातातला हात.'

"हे यमक." तोही उघडला.

तिसरी अट: जो शब्द उच्चारताच ती गोष्टच ऐकू येते, तो आण. एका कुंभातल्या ओळीत 'उड्डाण' होते, दुसऱ्यातल्या ओळीत 'गमन', तिसऱ्यातल्या ओळीत 'फडफड'. तिला लगेच कळले. तरी तिचा हात पुढे होईना. गाणे पुरे झाले की राघू जाणार होता.

"मला ओळखता आले नाही, असे म्हटले तर?" तिने हळूच विचारले.

"तर मी तुझ्या खांद्यावर राहीन. दाणे खाईन."

"दुखते का, बाबा?"

"फार दुखते, बाळ."

तिने 'फडफड'चा कुंभ उचलला आणि गाणे सुरुवातीपासून म्हटले. शेवटची ओळ होती, 'फडफड पंखांची दूर गेली, दूर गेली.' खांदा हलका झाला. भृंगाक्षाची मान खाली गेली आणि त्याची जादू दवासारखी विरली. काका दगडातून माणसात आले. राजाला अग्नी मिळाला. घराघरांतल्या लेकींना आपले गाणे परत मिळाले.

कुमुदिनी सासरी निघाली, तेव्हा काका तिला वेशीपर्यंत पोचवायला आले. तिने मागे वळून पाहिले नाही. मागे घर होते, माणसे होती, माहेर नव्हते.

तिचा बाप सुटला, तसे अडकलेले सारे जीव सुटोत.