हलक्या बंदुकीचं मोल

ऐका तर. फार जुन्या काळची गोष्ट आहे, इतक्या जुन्या काळची की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलं नाही. त्या राज्याच्या टोकाला एक डोंगर होता आणि डोंगराच्या कुशीत एक गाव. गावाच्या वर घनदाट रान. रानात डुकरं होती, भेकरं होती, आणि अगदी माथ्यावरच्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या सपाटीवर, सांबरं.

त्या गावात एक शिकारी राहत असे. त्याच्याकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू आणि शिसं घालायचं, गजाने ठासायचं आणि चाप ओढायचा. बंदूक चांगली होती, नेमाला पक्की होती. पण वजन असं की उचलणाऱ्याच्या तोंडून आधी ‘आई गं’ निघायचं आणि मग बंदूक जमिनीवरून उठायची.

ती एकट्याने माथ्यावर नेणं कठीणच होतं. म्हणून शिकाऱ्याबरोबर एक सोबती जात असे. दोघं लहानपणापासूनचे. अर्ध्या वाटेवर एक झरा लागे. झऱ्यापर्यंत बंदूक शिकाऱ्याच्या खांद्यावर, तिथे दोघांनी बसून भाकरी खायची, आणि पुढचा चढ बंदूक सोबत्याच्या खांद्यावर.

सोबत्याचा नेम म्हणाल तर आनंदच होता. समोर हत्ती उभा केला असता तरी त्याने शेजारचं झाड टिपलं असतं. पण माथ्यावर पोचलं की तो गवतात बसकण मारायचा, बंदुकीची नळी आपल्या उजव्या खांद्यावर घ्यायचा, उजव्या हाताने ती धरायचा आणि डावा हात डाव्या कानावर ठेवून श्वास रोखायचा. शिकारी मागून नेम धरायचा आणि बार काढायचा. खांदा हलत नसे, म्हणून नळी हलत नसे, म्हणून शिकार चुकत नसे. उजवा कान झाकायला मात्र तिसरा हात नव्हता. वर्षांमागून वर्षं गेली आणि सोबत्याला त्या कानाने ऐकू येईनासं झालं. याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. उलट सांगायचा, बायको उजवीकडून बोलली की घरात फार शांतता असते.

गावाची रीत अशी होती की शिकारीतला एक वाटा नेम धरणाऱ्याचा, एक वाटा खांद्याचा, आणि उरलेलं सगळं गावाचं. त्या रीतीवर कोणाचं भांडण नव्हतं.

पुढे शिकाऱ्याचं वय झालं. त्याची बायको केव्हाच वारली होती, मुलगी लांबच्या गावी दिली होती. घरात तो आणि दोन दुभत्या म्हशी. चढ चढताना त्याचे गुडघे बोलू लागले. आणि गुडघे दुखायला लागले की माणसाला दुसऱ्याचे दोष फार स्पष्ट दिसतात. सोबती हळू चालतो. सोबत्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. ऐकू कमी येतं म्हणून तो मोठ्याने बोलतो आणि भेकरं पळतात. हे सगळं शिकाऱ्याच्या मनात साचत गेलं. तो कान कशाने गेला, हे मात्र त्याच्या मनात एकदाही आलं नाही. माणसं अशीच असतात. मी त्याच्या जागी असतो तर मला तरी आठवलं असतं का, कोण जाणे.

अशात बातमी आली की राजाच्या नगरीत एक कारागीर बंदुका घडवतो आणि त्या इतक्या हलक्या असतात की म्हाताऱ्यानेही एका हाताने उचलाव्यात. शिकाऱ्याची झोप उडाली. बाजाराला जाऊन येतो, एवढंच त्याने सोबत्याला सांगितलं आणि तो नगरीला गेला.

कारागिराने बंदूक त्याच्या हातात दिली. नळी बारीक होती, दस्ता आतून पोखरून काढलेला होता, आणि वजन म्हणाल तर हातात काही आहे की नाही अशी शंका यावी. किंमत ऐकून शिकारी खाली बसला. दोन्ही म्हशी विकून भागत नव्हतं, ओढ्याकाठचं भाताचं खाचरही त्यात घालावं लागणार होतं. एवढ्याशा लोखंडाला एवढे पैसे कसे, असं त्याने विचारलं. कारागीर म्हणाला की पैसे लोखंडाचे नाहीत, जे लोखंड काढून टाकलं त्याचे आहेत.

मग तो म्हणाला, “एक गोष्ट सांगून ठेवतो, पाहुणे. वजन मी कमी करून देईन, धक्का कमी करून देता येत नाही. जड बंदूक धक्का स्वतः खाते. ही तुम्हाला देईल.”

शिकारी हसला. धक्क्याला कोण भितो, असं म्हणून त्याने गावी परत येऊन म्हशी विकल्या, खाचर विकलं आणि बंदूक आणली.

बंदूक आल्याचं कळताच सोबती धावत आला. त्याने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि त्याला हसू आवरेना. ही तर आपल्या काठीपेक्षा हलकी आहे, आता दोघं गात गात माथ्यावर जाऊ, असं तो म्हणत होता. उद्या झऱ्यावर खायला घरून तिळाची चटणी घेऊन येतो, असंही म्हणाला.

शिकाऱ्याने त्याच्याकडे न बघता सांगितलं, “तू आता नको येऊस. माझं मला जमेल.”

तो सोबत्याच्या उजव्या बाजूला उभा होता. सोबत्याने मान वळवून विचारलं, “काय म्हणालास?”

शिकाऱ्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं नव्हतं, दुसऱ्यांदा गेलं. सोबत्याने बंदूक भिंतीला नीट टेकवून ठेवली, बरं बरं म्हणाला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून शिकारी एकटाच जाऊ लागला. आता खरं सांगायचं तर बंदूक वाईट होती असं मी म्हणणार नाही. गुडघ्यांना खरोखरच आराम पडला. पूर्वी दुपारपर्यंत माथा गाठायचा तो आता उन्हं वर यायच्या आत पोचू लागला. बंदुकीचा खांदा बदलायचा नव्हता, म्हणून झऱ्यावर थांबायचं कारण उरलं नाही. तो भाकरी चालता चालता खायचा. कधी कधी खायची विसरून जायचा आणि संध्याकाळी ती तशीच घरी यायची.

पण चढून आल्यावर माणसाची छाती भात्यासारखी हलते. जड नळी सोबत्याच्या खांद्यावर टेकली की गप्प पडून असे. ही हलकी नळी त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होई. जवळचा ससा मिळायचा, लांबचं भेकर हुकायचं. आणि प्रत्येक बाराला दस्ता असा बसायचा की खांदा काळानिळा झाला. घरी गेल्यावर तो स्वतःच हळद उगाळून लावायचा. पाठीकडच्या बाजूला हात पोचत नसे, तेवढी जागा तशीच राहायची.

एकदा सकाळी तो सड्यावर उभा होता. खालची सगळी दरी धुक्याने भरली होती आणि धुक्याच्या वर एक इंद्रधनुष्य उमटलं होतं, अख्खं गोल. असं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. “अरे, बघ,” असं म्हणत तो वळला. मागे गवत होतं. तो पुन्हा पुढे वळला, पण मग त्याला ते बघावंसं वाटेना. त्या दिवशी त्याला फार एकटं वाटलं. इतकं की घरी येऊन तो म्हशींच्या रिकाम्या गोठ्यात बराच वेळ बसून राहिला.

गावात लोक विचारायचे, काय शिकारीबुवा, पैसे वसूल झाले का? तो म्हणायचा, सोन्यासारखी आहे. दुसरं काय म्हणणार? दोन म्हशी आणि भाताचं खाचर देऊन आणलेल्या वस्तूला वाईट म्हणायला फार मोठी छाती लागते. तो जितका एकटा पडत गेला तितकी बंदुकीची तारीफ वाढत गेली.

सोबती काही दिवस सकाळी उठून दारात उभा राहायचा. खांद्याचा वाटा बंद झाला होता आणि त्यालाही घर चालवायचं होतं. मग गावातल्या एका कोळ्याने त्याला विचारलं. नदीवर मोठं जाळं ओढायचं तर दोन्ही काठांवर माणूस लागतो. सोबती जाऊ लागला. त्या कामात नेमाची गरज नव्हती आणि पाण्याच्या आवाजात दोघांनाही मोठ्यानेच बोलावं लागे, त्यामुळे त्याला ते मानवलं.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. शिकारी माथ्याच्याही पलीकडे, जिथे पूर्वी जड बंदूक घेऊन कधी गेला नव्हता अशा कड्यावर पोचला. समोर सांबर उभं होतं. एवढं मोठं सांबर त्याच्या वडिलांनीही पाहिलं नसेल. बसायला जागा नव्हती. ओल्या शेवाळावर पाय रोवून त्याने श्वास रोखला आणि चाप ओढला.

सांबर पडलं. आणि धक्क्याने शिकारीही पडला. पाय सटकून तो कड्याखालच्या घळीत आला आणि नडगीचं हाड मोडलं. हाकेच्या अंतरावर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिकार पडली होती. बंदूक हलकी होती, पण सांबराचं वजन सांबराएवढंच होतं, आणि त्याचं स्वतःचंही काही कमी झालेलं नव्हतं.

त्याने हाका मारल्या. मग पडल्या पडल्या बंदूक ठासली आणि हवेत बार काढला. पुन्हा ठासली, पुन्हा काढला. दारू संपेपर्यंत तो बार काढत राहिला. खाली गावात लोकांनी ते आवाज ऐकले. आज शिकारीबुवांचा दिवस आहे, असं म्हणून ते आपापल्या कामाला लागले. एक मोठा बार झाला की शिकार झाली, आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा होत राहिले तर काहीतरी बिघडलंय, हे ओळखणारा माणूस एकच होता. तो त्या वेळी नदीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभा होता आणि जाळं जड लागत होतं.

शेवटी शिकाऱ्याने बंदुकीचीच काठी केली आणि तिच्यावर भार टाकून उठायला गेला. पोखरलेला दस्ता मधून मोडला. तो पुन्हा खाली पडला आणि मोठ्याने रडला. ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून लाजायचंही कारण नव्हतं.

मेंढरं घेऊन पलीकडच्या खिंडीतून जाणाऱ्या धनगरांना तो दुसऱ्या दिवशी सापडला. त्यांनी घोंगडीची झोळी केली आणि चौघांनी त्याला खाली आणलं. सांबर तिथेच राहिलं. ते कोल्ह्यांनी खाल्लं. धनगर त्याला घरात निजवून आपल्या वाटेने गेले. त्यांची आणि त्याची ओळखही नव्हती.

हाड पुढे जुळलं, पण वाकडं जुळलं. माथा कायमचा सुटला.

त्या दिवसांत शिकारी अंथरुणावर पडून दाराकडे बघत असे. गावातले लोक येऊन गेले, मुलगी येऊन आठ दिवस राहून गेली. ज्याची तो वाट पाहत होता तोही एके दिवशी आला. हातात मासे होते. ते त्याने चुलीपाशी ठेवले आणि तो उंबऱ्याच्या आत, भिंतीशी बसला.

शिकाऱ्याच्या मनात बोलायचं खूप होतं. चुकलं म्हणायचं होतं. पाय बरा झाला की जुनी बंदूक घेऊन निदान झऱ्यापर्यंत जाऊ, असं विचारायचं होतं. सोबत्याचा डावा कान कोणत्या बाजूला येतो ते पाहून तो मुद्दाम अंथरुणात सरकलाही.

तेवढ्यात सोबत्यानेच विचारलं, “बरं वाटतंय का आता तुम्हाला?”

जन्मभर त्या तोंडून त्याने ‘अरे’ ऐकलं होतं, ‘गाढवा’ ऐकलं होतं, क्वचित भलत्यासलत्या शिव्याही ऐकल्या होत्या. ‘तुम्ही’ पहिल्यांदाच ऐकलं. सोबत्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शिकाऱ्याला धरून बसायला काहीतरी मिळालं असतं. परगावच्या पाहुण्याशी बोलावं तसं तो अदबीने बोलत होता, आणि आपण काही वेगळं बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“बरं आहे,” शिकारी म्हणाला.

सोबती उठला. “काही लागलं तर निरोप पाठवा. येतो मी. नदीवर माझा सोबती थांबलाय.”

तो गेला. शिकारी बराच वेळ त्या माशांकडे बघत पडून राहिला. मग त्याने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तात्पर्य एवढंच: ओझं हलकं करायला निघालात, तर त्याचं दुसरं टोक कोणी धरलं आहे हे आधी पाहा.